निर्मळ हात

१९६१ साली, दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका सोमवारी, नानू गुरवाने पावणाईच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि तो हात जोडून बाजूला झाला. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षाच्या अखेरीला गोवा मोकळा झाला आणि आमच्या हेदवण्यावरून विमानं गेली. पण त्या सकाळी देवळात गोव्याचं कुणाच्या मनातही नव्हतं. माझ्या लग्नाचा कौल लावला होता.

उजवीकडची कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. कौलाशिवाय आमच्या गावात लग्न ठरत नसे की विहीर खणली जात नसे. गाऱ्हाणं घालायला माझे वडीलच उभे होते. आबा देवीचे मानकरी, त्यांच्या आधी त्यांचे वडील मानकरी.

"बाय माझे पावणाये," आबा म्हणत होते, "प्रभावती तुझां लेकरू. काळवलीच्या तावड्यांच्या घरात देवचां म्हणतंय. बऱ्याक आसात तर उजवी दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी बायकांमध्ये खांबाला धरून उभी होते. मला तर देवीने कधीचीच उजवी दिली होती. जयवंत तावडे मला बघायला आले तेव्हा पांढरी पँट घालून आले होते. घरची भाताची गिरणी. पहिली बायको वर्षापूर्वी विहिरीत पडून गेली, मूलबाळ नव्हतं. बिजवर म्हणून आईने आधी तोंड वाकडं केलं, पण माणूस पाहिल्यावर सरळ केलं. त्यांनी मला विचारलं होतं, "शिकलंस किती?" मी म्हटलं, "सातवी." तर म्हणाले, "मगे गिरणी तूच सांभाळ, माका बेरीज येणा नाय." सगळे हसले. मी त्या हसण्यावर महिनाभर जगत होते.

उजवी कळी घरंगळली. नानू गुरव वळला. "दिल्यान उजवी."

आईने सुटकेचा श्वास टाकला, आणि तेवढ्यात माझ्या मागून दुसरा एक श्वास ऐकू आला, लांब, घोगरा. बायका सरकल्या. शेवंतीवहिनी घुमत होती.

वहिनी माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ मुंबईला गोदीत कामाला, चतुर्थीला काय तो घरी यायचा. ही घरात असून नसल्यासारखी, आबांना मामा म्हणायची तेही पुटपुटल्यासारखं. तिचा मोठा आवाज मी फक्त गुरांना हाकताना ऐकला होता. आणि आता तिचे केस सुटले होते आणि ती भर देवळात माझ्याकडे बोट करून बोलत होती.

"ह्या चेडवाचो पाय त्या उंबऱ्याक लावू नको. लावलंस तर परत येवचा नाय."

आबा पुढे आले. "कोण तू?"

"पावणाय."

"पावणायन आत्ताच उजवी दिली. मगे ह्यां काय?"

"उंबऱ्याक लावू नको," वहिनी म्हणाली, आणि तेच म्हणत राहिली.

आईने तिचा दंड धरला. "शेवंत्या, घराक चल. पित्त झालां आसात तुका."

"थांबा वैनीनू," नानू गुरव आईला म्हणाला. "देवळात बोललां तां घराक नेवक येणा नाय." त्याने आबांकडे पाहिलं. "मानकऱ्यांनू, अवसर नवो आसा. तोय बायलमाणसात. खरो काय खोटो, तां बघूक होयां."

नव्या अवसराची, म्हणजे अंगात येण्याची, आमच्याकडे परीक्षा असे. ज्याच्या अंगात देवी बोलते त्याच्या उजव्या तळहातावर कापूर पेटवायचा. गाऱ्हाणं संपेपर्यंत हात हलता कामा नये. मग हाताला देवीचा अंगारा लावून नव्या कापडात बांधायचा, वर गुरवाची गाठ, आणि पुढच्या सोमवारी मानकऱ्याने गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून ते कापड सोडायचं. फोड आला असला तर बोलणं खोटं, आणि तो हात मानकऱ्याने लोकांना दाखवायचा. हात निर्मळ असला तर त्यावर फूल ठेवून मूठ मिटायची. देवीचा हात लोकांनी बघायचा नसतो. मानकऱ्याने म्हटलं निर्मळ, की निर्मळ.

आबांच्या हातून फारसं कुणी निभावत नसे. गणपत राऊळ आपल्या आईच्या अंगातली देवीसुद्धा पारखून घेईल, असं लोक हसून म्हणत. दोन वर्षांपूर्वी वरच्या वाडीतल्या सुभद्रेच्या अंगात आलं होतं. वाडीतली दारूची भट्टी मोडा, असं ती घुमत घुमत म्हणाली. आबांनी तिचं कापड सोडलं आणि तिचा हात वर धरला. टम्म फोड. तिच्या नवऱ्याने तिला माहेरी पोचवलं आणि दुसरी केली. ती गावातून जाताना आम्ही मुली कुंपणाशी उभ्या होतो. कुणीतरी "फोडाबाय" म्हणालं आणि आम्ही सगळ्या हसलो.

वहिनीने आपणहून उजवा हात पुढे केला. आबांनी कापराची वडी ठेवली आणि समईची वात लावली.

नानू गुरवाने गाऱ्हाणं नेहमीसारखंच घातलं, सीमेवरच्या देवांपासून घरातल्या पूर्वजांपर्यंत एकाचंही नाव न गाळता. मला वाटलं त्याने थोडं आटपतं घ्यावं. ज्योत निळी झाली, मग पिवळी झाली. कापराच्या वासात आणखी एक वास मिसळला. वहिनीचं घुमणं थांबलं होतं. ती ताठ बसली होती आणि डोळे माझ्यावर लावले होते. मी नजर दुसरीकडे नेली. मला राग आला होता, एवढंच मला त्या वेळचं नीट आठवतं.

"व्हय म्हाराजा," सगळे शेवटचं म्हणाले. कापूर विझला. हात हलला नव्हता.

आबांनी अंगारा लावला, कापड बांधलं. नानूने गाठ मारली. "सोमवारी सोडू," आबा म्हणाले, आणि सुनेकडे न बघता पायऱ्या उतरले.

घरी येईपर्यंत आईचं तोंड चालू होतं. "हिच्याच बापाशीन हाडलेली सोयरीक. बापूस काळवलीचो पोलीस पाटील, तो काय न बघता सांगीत? आणि ही मोडूक बसली. नणंदेचां बरां झालेलां बघवणा नाय, दुसरां काय."

सोयरीक वहिनीच्या वडिलांनी, सोमा पाटलांनी आणली होती, हे खरंच होतं. तावडे त्यांचे शेजारी. आईचं म्हणणं मला पटलं. आपल्याला मूल नाही, नवरा लांब, म्हणून हिला माझं सुख खुपतं. मी वहिनीशी बोलणं टाकलं. तिला एका हाताने काही करता येत नव्हतं, तर आई भाकऱ्या थापायची आणि मी तिच्यासमोर ताट आदळल्यासारखं ठेवायची.

शेजारची काशीकाकी रोज काही ना काही निमित्त काढून यायची. "काय गे प्रभा, देवी पेज खाता काय आता? की नारळच व्होयो?"

"देवी सगळां खाता," आई म्हणायची. "देवीक काम तेवढां नको."

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी गोठ्यामागे पेंढा आणायला गेले तर वहिनी दगडावर बसून डाव्या हाताने केस बांधायला बघत होती. जमत नव्हतं. तिने मला हाक मारली नाही. मीच गेले. तिचे केस हातात घेतले तर मान चटका बसावा इतकी तापलेली. मग मला कापड दिसलं. ते ओलं होतं, पिवळट. वास येत होता.

"वैनी, हात दी."

"गाठ सोडू नको. नानूची गाठ आसा."

मी गाठ सोडली नाही. कापड मनगटाकडून वर सरकवलं आणि आत पाहिलं. तळहातावर कातडी नव्हतीच. फोड येऊन फुटला होता आणि बोटांच्या मुळापर्यंत सगळं लाल उघडं झालं होतं.

"म्हणजे खोटां," मी म्हटलं. "तुझ्या अंगात काय येवक नाय."

"नाय."

ती इतकं सरळ म्हणाली की मला आणखीच राग आला. मग मी म्हटलं, "आबांका सांगतंय मी."

"सांग. पण आधी आयक."

आणि तिने सांगितलं. हळू आवाजात, मध्ये मध्ये गोठ्याच्या दाराकडे बघत.

जयवंतची पहिली बायको मथुरा ही वहिनीची मैत्रीण. घराला घर लागून. गेल्या साली दसऱ्याला वहिनी माहेरी गेली होती आणि तेव्हाच मथुरा विहिरीत सापडली.

"तिका आंघोळ घालूक माका बोलयल्यानी. मी आणि तिची म्हातारी चुलत सासू. प्रभा, तिची मान रवणा नाय होती. इकडे धरली की तिकडे जाय. गळ्यावर बोटां उठलेली, ही अशी. पोटात पाणी म्हणशीत तर थेंब नाय. ती बावीत पडान मरूक नाय गे. मेल्यावर पडली."

"मगे तू सांगूक नाय कोणाक?"

"बाबांका सांगितलंय. ते पोलीस पाटील, तेंकाच सांगूचा मां? बाबा म्हणाले, तू काय डाक्तर? आणि कागदार लिवल्यानी, पाय घसरून. तावड्यांका बाबा कधी नाय म्हणूक नाय." ती थांबली. "आणि आता तेंकाच तावड्यांनी सांगल्यानी, तुझ्या लेकीच्या घरचां चेडू बघ. बाबा हयसर इले, मामांच्या पाटार बसान गूळपाणी घेतल्यानी आणि तुझां नाव काढल्यानी. मी आत भांडी घासी होतंय."

"घरात सांगूचा होतास. आईक. आबांका."

"काय सांगू? मी माणसाच्या तोंडान बोललंय तर मामा पयलो प्रश्न करतले, तुका कसां म्हायत? मगे बाबांचो कागद भायर येतलो. बाबा तुरुंगात जातले. माझ्या दोन भयणी आसत लग्नाच्या." तिने हात मांडीवर उताणा ठेवला. "देवीक कोण इचारणा नाय, तुका कसां म्हायत."

मला ते खोटंच ठरवायचं होतं. पांढरी पँट, ती बेरीज, ते हसणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी म्हटलं, "तू माझो दुस्वास करतंस."

"करीत आसान," वहिनी म्हणाली. "तरी कापूर दुस्वासान सोसवणा नाय."

मी कोरफड तोडून आणली. गाठीला धक्का न लावता कापडाखालून गर भरला. परीक्षेच्या हाताला औषध लावायचं नसतं हे मला माहीत होतं. ती दात दाबून बसली. नंतर म्हणाली, "सोमवारी मामा हात वर धरतले. मगे माका काळवलीक धाडतले, बाबांकडे. आणि तुका पण काळवलीकच." तिला थोडं हसू आलं. "शेजारीण होशीत माझी."

मी आबांना काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या कुणालाही काही सांगितलं नाही. लग्न नको असं आईला म्हणायला गेले तर आई म्हणाली, "तुझ्याय अंगात येता काय आता?"

सोमवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. सोमा पाटील आले होते, बरोबर जयवंत. पाटलांनी लेकीकडे एकदाही पाहिलं नाही. ते मोठ्याने सांगत होते, "आमच्या घराण्यात कोणाच्या अंगात कायएक येवक नाय. चेडू लहानपणापासून जरा पित्तकट, इतक्याच." जयवंत सभामंडपाच्या कडेला रुमाल अंथरून शांत बसला होता. त्याची माझी नजरानजर झाली तेव्हा तो किंचित हसला. त्याची बोटं रुमालावर होती. मी बोटांकडे बघत राहिले.

आबा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसले, त्यांच्यासमोर वहिनी. तिला उभं राहायलाही जोर नव्हता, मी तिला धरून आणलं होतं, म्हणून मी जवळ होते. आबांनी नानूची गाठ सोडली. कापड चिकटलं होतं. त्यांनी तांब्यातलं तीर्थ घालून ते भिजवलं आणि सावकाश उलगडलं.

मला दिसला तो हात. आबांना तर त्यांच्या तोंडाशीच दिसत होता. त्यांनी इतका वेळ लावला की मागे कुजबुज सुरू झाली.

मग त्यांनी परडीतलं एक अबोलीचं फूल उचललं, त्या उघड्या मांसावर ठेवलं आणि आपल्या दोन्ही हातांनी वहिनीची मूठ मिटली. घट्ट मिटली. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून काही आलं नाही.

"निर्मळ आसा," आबा म्हणाले.

"व्हय म्हाराजा," देऊळ म्हणालं.

आई तिथल्या तिथे वहिनीच्या पाया पडली. काशीकाकी तिच्या मागोमाग. जयवंत उठला, त्याने बरोबर आणलेला नारळ देवीपुढे ठेवला आणि आबांना नमस्कार केला. "देवीच्या मर्जीफुडे आपला काय चलता? तुमच्याबद्दल मनात कायएक नाय."

"मोठ्या मनाचो माणूस," मागे कुणीतरी म्हणालं. बऱ्याच माना हलल्या.

सोमा पाटीलही आबांच्या पाया पडले. वाकलेले ते लवकर उठेनात. लोकांना वाटलं, लेकीच्या अंगात देवी आली म्हणून.

त्या दुपारी आबा पडवीत सुंभ वळत बसले होते. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला आणि गेले नाही.

"काय गे?"

"आबा, हात निर्मळ होतो?"

त्यांनी सुंभाला पीळ दिला. "तू बघलंस मां? कोरफड कोणी लावल्यान?"

मी तांब्यावरचा पेला उचलून त्यात पाणी ओतलं.

"कापूर विझासर तिना हात हलवक नाय," आबा म्हणाले. "खोट्यासाठी कोण इतक्या सोसणा नाय. कायतरी आसतला, इतक्या माका कळला."

"पण फोड इलो म्हणजे खोटां मां?"

"फोड सगळ्यांकच येता. कापूर तो. हातार पेटयल्यावर काय होतला?" त्यांनी सुंभ खाली ठेवला. "माका मान मिळालो तेव्हा माझीय परीक्षा झाली. माझ्या बापाशीन कापड सोडल्यान. मी फोडाकडे बघतंय, तो फोडाकडे बघता. आणि म्हणालो, निर्मळ आसा. त्या दिवसापासून माका म्हायत."

बाहेर कुणाचं तरी वासरू ओरडत होतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि ती विचारायची मला भीती वाटली, पण विचारली.

"आणि सुभद्रा? तिना हात हलवलेल्यान?"

"नाय."

"मगे तिचो हात वर कित्याक धरलात?"

आबांनी पुन्हा सुंभ उचलला.  

"ती माझी सून न्हवती," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "शेवंतीन तुका काय सांगितल्यान?" मी सगळं सांगितलं. मथुरेची मान, गळ्यावरची बोटं, पाटलांचा कागद. आबा सुंभ वळत होते. शेवटी म्हणाले, "ह्यां कोणाक सांगू नको. देवीन नको म्हटल्यान, तेवढां पुरे. सोयरीक मोडली, कोणाची अब्रू गेली नाय. पाटलाची रवली, आपली रवली. तावड्याचीय रवली. भांडान होयत काय?"

"नको," मी म्हटलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटत होतं.

पुढल्या जत्रेला आबांनी मान चुलतभावाकडे दिला. डोळ्यांना दिसत नाही म्हणाले, पण सुईत दोरा ते त्यानंतरही वर्षानुवर्षं ओवायचे. देवळात जायचे, बाहेरच्या पायरीवरून हात जोडायचे. सुभद्रेच्या माहेरी त्यांनी एकदा तांदळाचं पोतं पाठवलं. ते परत आलं. सुभद्रा भावाच्या घरी राबत म्हातारी झाली, तिला कुणी नांदायला नेलं नाही. सोमा पाटील पुढे सरपंच झाले, त्यांच्या दोन्ही मुली चांगल्या घरी पडल्या. नानू गुरव गेला तेव्हा त्याच्या जागी त्याचा मुलगा आला, आणि कापराची परीक्षा अजून होते असं ऐकते.

वहिनीकडे दर सोमवारी बायका येऊ लागल्या. कुणाचं मूल जगत नव्हतं, कुणाचा नवरा बोटीवरून परतला नव्हता. वहिनी सांगायची, "आता माझ्यात काय येणा नाय." त्या म्हणायच्या, हा देवीचा नम्रपणा. शेवटी भावाने तिला मुंबईला नेलं. तिथे लालबागच्या खोलीत ती तीस वर्षं राहिली. उजव्या हाताची तीन बोटं सरळ झाली नाहीत कधी. चाळीत विचारलं की सांगायची, भाकरी भाजताना.

माझं लग्न वेंगुर्ल्याच्या एका मास्तरांशी झालं. चांगला संसार झाला. दोन मुलगे, एक मुलगी. मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यांनाही मी हे सांगितलं नव्हतं.

जयवंत तावडेने त्याच फाल्गुनात लग्न केलं. तिचं नाव कुसुम. घाटाच्या पायथ्याच्या एका गावातली, बाप नसलेली. मी तिला एकदाच भेटले, कुडाळच्या बाजारात, माझ्या लग्नानंतर. तिनेच मला ओळखलं, कुणीतरी दाखवलं असणार. जवळ येऊन हसून म्हणाली, "तुम्ही हेदवण्याच्या राऊळांची मां? देवीन तुमका नाय म्हटल्यान, म्हणान माझां नशीब उघडलां." उन्हाळ्याचे दिवस आणि तिच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. मी विचारलं, "बरी आसस मां?" ती म्हणाली, "व्हय तर," आणि मागे वळून कुणीतरी बघतंय का ते पाहिलं. मी तिला माझ्या पिशवीतले थोडे आंबे दिले. ती गेली.

तिसऱ्या वर्षी, पावसाच्या तोंडावर, ती त्याच विहिरीत सापडली. कागद सोमा पाटलांनीच लिहिला.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, वहिनी अजून हेदवण्यातच होती. एका सकाळी एक बाई चालत चालत आमच्या अंगणात आली. कुसुमची आई. तिने देवीबद्दल ऐकलं होतं. वहिनी आणि मी ओटीवर होतो, आबा आत. ती वहिनीच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "माये, ह्या घरच्या चेडवाक तू सांगितलंस, थंय जाव नको. मगे माझ्या चेडवाक कित्याक सांगूक नाय? आम्हीय कौल लावललो. आमका उजवी दिलंस."

वहिनी तिला उठवू लागली. ती उठेना. तेव्हा वहिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं, देवी कधी आलीच नव्हती. मथुरेचं सांगितलं. आपला हात उघडून दाखवला. माझ्या मांडीवर बाळ होतं, मी त्याला थोपटत राहिले.

ती बाई रडली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग आधी वहिनीकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे, माझ्या बाळाकडे.

"म्हणजे तुमका म्हायत होतां," ती म्हणाली.

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला होता. तिने त्याला हात लावला नाही. पदर सावरून उठली आणि आली तशी पायवाटेने चालत गेली. आबा आतून बाहेर आले नाहीत.